जीपचे बदललेले भाग

जुनी जीप पूर्ववत करण्यासाठी तिची बॉडी, इंजिन आणि ॲक्सल उतरवून चासी, म्हणजे सारा भार पेलणारा पोलादी सांगाडा, उघडी केली की कारखान्यातून निघालेल्या गाडीपेक्षा गॅरेजांतून घडत गेलेली गाडीच अधिक दिसू लागते. त्या गाडीवर चढलेले परके भाग एरवी दोष म्हणून मोजले जातात. परंतु सोलापूरसारख्या जिल्ह्यात जीप कोणी, कशासाठी आणि किती ओढगस्तीत वापरली, याच्या लेखी नोंदी तुटपुंज्या असताना हेच भाग सर्वांत भरवशाचा पुरावा ठरतात, आणि ते का बदलले गेले याचे उत्तर आयातीचे धोरण, इंधनाचे दर व खेड्यांतील प्रवासी वाहतूक यांत शोधावे लागते.

भागांच्या अदलाबदलीची सुरुवात युद्धातच झाली. दुसऱ्या महायुद्धात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी एकाच आराखड्यावर मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. विलीजची ती ‘एमबी’ आणि फोर्डची ती ‘जीपीडब्ल्यू’. एकीचा भाग दुसरीला बसावा हीच लष्कराची अट असल्याने रणभूमीमागच्या कार्यशाळांत कोणत्या गाडीचे काय कोणत्या गाडीला लागले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. फोर्ड मात्र आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवीत असे, आणि चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा, तर फोर्डमध्ये उलट्या ‘यू’ आकाराचा असे. त्यामुळे नळीच्या दांड्याच्या चासीवर ‘एफ’ अक्षराचे बोल्ट सापडले, तर ती भेसळ नंतरच्या मिस्त्रीची नसून 1944च्या सुमाराच्या लष्करी कारागिराचीही असू शकते. या जीपांचे स्टिअरिंग डावीकडे होते. भारतात ते उजवीकडे नेताना चासीच्या डाव्या दांड्यावर जी भोके उरली ती पत्र्याच्या ठिगळांनी बुजवलेली आढळतात.

लष्करी वाहनांचा ताफा सोलापूरला अनोळखी नव्हता. हैदराबाद संस्थानावरील कारवाईत मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या सैन्याची मुख्य आघाडी 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरहूनच निघाली आणि पहिल्याच दिवशी तिने नळदुर्ग घेतले. लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावातून खासगी मालकांकडे जात, आणि बाजारात त्यांना ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. डागडुजी करून नव्यासारख्या म्हणून विकलेल्या गाडीवर किती विसंबावे, हा प्रश्न तेव्हा देशाच्या संसदेपर्यंत पोहोचला होता, कारण 1948 साली ब्रिटनमधून मागवलेल्या दुरुस्त जीपांपैकी मद्रासला उतरलेल्या 155 गाड्या लष्कराने निकामी ठरवल्या आणि त्या व्यवहारावरून स्वतंत्र भारतातील पहिला मोठा खरेदी-घोटाळा गाजला.

या बदलांचा पुढचा थर आयातबंदीचा आहे. 1949 मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली आणि 1953 नंतर, देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या, केवळ सुटे भाग जोडणाऱ्या कंपन्यांना वावच उरला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी याच काळात गाशा गुंडाळला. ज्या उद्योजकांना या धोरणाने जागा मिळाली त्यांत सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, आणि जीप विलीजच्या परवान्याने महिंद्र अँड महिंद्रकडे आली. ‘सीजे-3बी’ हे उंच बॉनेटचे प्रतिरूप अमेरिकेत 1968 मध्ये थांबले, पण भारतात ते पुढे कैक वर्षे बनत राहिले आणि दरम्यान त्याचे अंतरंग एकेक करून देशी झाले: कार्टरच्या कार्बुरेटरच्या जागी मद्रासचा सोलेक्स, विजेच्या साहित्यात लुकास-टीव्हीएस, सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची बॅटरी. म्हणून भारतीय जीपवर हौसेने अमेरिकेहून मागवलेला कार्बुरेटर चढवणारा पुनर्स्थापक बहुधा गाडी मूळपदावर आणत नसतो, तर तिच्याकडे कधीच नसलेला भूतकाळ तिला चिकटवत असतो.

सर्वांत मोठा बदल अर्थातच इंजिनाचा. 1973 नंतर तेलाचे भाव भडकले, पेट्रोल व डिझेल यांच्या दरांतील तफावत मालकांना सोसेना, आणि पेट्रोल इंजिन काढून मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स, ‘मॅटेडोर’ गाडीचे किंवा ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवण्याचे काम गॅरेजांच्या हाती आले. ही निव्वळ गॅरेजची करामत नव्हती; महिंद्रनेच सत्तरच्या दशकात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनावर आधारलेले डिझेल जीपला दिले आणि पुढे प्यूजोचे इंजिन आणले. ज्या शेतकऱ्याच्या दारात तोच ट्रॅक्टर उभा होता, त्याला दोहोंचा मिस्त्री एक झाला, ही सोय लहान नव्हती.

या कामाच्या खुणा बारकाईने पाहण्याजोग्या असतात. परके इंजिन मूळ गिअरबॉक्सला जोडण्यासाठी मध्ये लेथवर कातलेली जाड पोलादी चकती, म्हणजे अडॅप्टर प्लेट, लागते. तिचे केंद्र जराही सरकले तर क्लच आणि बेअरिंग लवकर जातात. इंजिनाचे जादा वजन पेलण्यासाठी पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी एक पाटा घातलेला असतो, आणि चालकाच्या आसनाखालील टाकीला पितळेने डाखलेली एक जास्तीची नळी दिसते, कारण डिझेल पंपाकडून उरलेले इंधन टाकीत परत यावे लागते. पुढच्या चाकांना गती नेणारा प्रॉपेलर शाफ्ट मात्र अनेकदा बेपत्ताच असतो. इंधन वाचावे म्हणून तो काढला जाई, पुढची चाके जोडणारी तरफ जागच्या जागी राही, आणि पावसाळ्यात काळ्या रानात चाके रुतली की या काटकसरीची खरी किंमत कळे. अडॅप्टरच्या चकत्या कातण्याची विद्या सोलापूर शहराला परकी नव्हती. 1877च्या ‘जुनी मिल’ या कापडगिरणीपासून पुढच्या यंत्रमागांपर्यंत लेथकाम आणि ओतकाम इथे सतत लागत आले.

नंतरचा थर वडापचा, म्हणजे एसटी जिथे वेळेवर पोहोचत नाही तिथे माणशी भाडे घेऊन चालणाऱ्या जीपांचा. मागे समोरासमोर दोन लांब बाकडी, अँगल लावून वाढवलेला मागचा भाग, टपावर कॅरिअर आणि चढायला शिडी, अशी ही रचना पुढे काढून टाकली तरी तिची भोके आणि वेल्डिंगचे डाग पत्र्यावर राहतात. मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या बाजारहाटाचा इतिहास लिहिणाऱ्याने ही भोके दुर्लक्षू नयेत.

कायद्याची नजर वेगळी आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी ढळू देत नाही, आणि 2021च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी असावी लागते आणि तिच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. साहजिकच डिझेल बसवून राबलेल्या बहुतेक जीपा या दारातून आत जात नाहीत. त्याच कलम 52मध्ये वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच लावून गाडीत बदल करण्याची मुभाही आहे, आणि कॅमशाफ्ट बनवणारी सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आता वापरातल्या हलक्या डिझेल मालगाड्यांचे इंजिन काढून त्यांना विजेची मोटर बसवण्याच्या उद्योगात उतरली आहे.