सातबाऱ्याचा रकाना आणि डेटाबेसमधील बाइंड व्हेरिएबल : एक ऐतिहासिक टिपण

खानदेशात इंग्रजी महसूल मोजणी आली तेव्हा १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला. मोजणी पुढे रुजली आणि तिच्यामागून छापील नमुनेही रुजले. गाव नमुना सात व बारा यांत रकाने आधी ठरलेले असतात. खातेदाराचे नाव, गट क्रमांक व क्षेत्र नंतर भरले जाते. रकान्यात काहीही लिहिले तरी नमुन्याचा मथळा बदलत नाही. हे तत्त्व संगणकाच्या जगात मात्र सहजी पाळले गेले नाही.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यावर उभ्या राहिलेल्या आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातच एसक्यूएलमधील मूल्याची जागा मोकळी ठेवण्याची सोय होती. १९९७ मध्ये जावाच्या जेडीबीसीत ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ आले. तरीही वेबच्या पहिल्या पिढीने अर्जातील मजकूर थेट पृच्छेच्या वाक्यात जोडण्याचा सोपा मार्ग पत्करला. त्यातील धोका १९९८ च्या डिसेंबरमध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात उघड झाला. पीएचपीत बाइंड करण्याची सोय असलेले ‘मायएसक्यूएलआय’ २००४ मध्ये, तर ‘पीडीओ’ २००५ मध्ये मिळाले.

जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थी-याद्यांत पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे ही आडनावे विपुल. रोमन लिपीतही त्यांत अवतरणचिन्ह येत नाही. म्हणून जोडणीचा दोष अशा यादीत वर्षानुवर्षे झाकलेला राहू शकतो. वसईचा एखादा डिसोझा रोमन ‘डी’नंतर ते चिन्ह लिहितो आणि पृच्छा मधेच तुटते. लिपिक बहुधा आडनावालाच दोष देतो! वास्तविक ज्या फटीतून हे आडनाव अडते, त्याच फटीतून गुणपत्रक बदलणारी आज्ञाही आत शिरू शकते.

दुसरा लाभ वेगाचा. गट क्रमांक तेवढा बदलला तरी ओरॅकल प्रत्येक वाक्य नवे समजून त्याचे पुन्हा विश्लेषण करते. बाइंड व्हेरिएबल असल्यास तयार आराखडा पुन्हा वापरता येतो. मात्र मूल्यांची विभागणी विषम असेल तर एकाच आराखड्याने नुकसानही होते. त्यावर उपाय म्हणून ओरॅकल ११जी (२००७) मध्ये मूल्यानुसार आराखडा निवडण्याची व्यवस्था आली.

२००१ मध्ये आलेल्या हायबरनेटसारख्या मॅपिंग लायब्ररी साधारणतः मूल्ये स्वतःच बाइंड करतात. यावरून प्राध्यापकवर्गही कधी कधी निश्चिंत होतो, ते योग्य नव्हे. तिच्या स्वतःच्या पृच्छाभाषेत मजकूर जोडला तर जुनी फट पुन्हा उघडते. शिवाय तक्त्याचे वा स्तंभाचे नाव बाइंड करता येत नाही. ते आधी ठरविलेल्या यादीशी ताडूनच स्वीकारावे लागते.