मेरुरज्जू-इजेनंतरचे ऑनलाइन सहानुभवी मार्गदर्शन
मेरुरज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला, तशीच इजा घेऊन काही वर्षे जगलेल्या प्रशिक्षित व्यक्तीने व्हिडिओ कॉल वा फोनवरून दिलेली नियमित साथ. हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे. बोलणे होते ते रोजच्या जगण्याचे : कॅथेटरचे वेळापत्रक, शौचाची वेळ बसवणे, दाबव्रण होऊ नयेत म्हणून व्हीलचेअरवर दर १५ ते ३० मिनिटांनी अंग उचलणे, कामावर परतणे, शरीरसंबंध. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर नुसत्या तुंबलेल्या मूत्राशयानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक चढू शकतो. डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो. स्वतः त्यातून गेलेला माणूस हे जितके नेमके सांगतो, तितके माहितीपत्रक सांगत नाही.

अमेरिकेतील ‘माय केअर माय कॉल’ या दूरध्वनी-उपक्रमाची ८४ जणांवर यादृच्छिक चाचणी झाली (निष्कर्ष २०१७). मार्गदर्शन मिळालेल्या गटात आपली प्रकृती आपण सांभाळण्याची तयारी सहा महिन्यांत अधिक वाढली. कॅनडातील ‘एससीआय अँड यू’ने हेच काम इंटरनेटवर नेले. जिना आणि वाहनाची अडचण असलेल्यांना पडद्यावरची भेट सोयीची. खुर्चीतून पलंगावर सरकणे मात्र प्रत्यक्षच शिकावे लागते.