धर्म माणसाला काय देतो? : दख्खनच्या इतिहासाची साक्ष

धर्म म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक भाषेने आपापल्या परीने दिले आहे. संस्कृतातील 'धर्म' हा शब्द 'धृ' या धातूपासून आला. जे धारण करते, सावरून धरते तो धर्म. अरबीतील 'दीन' या शब्दात जीवनपद्धती, आज्ञापालन आणि निवाडा असे अर्थ सामावले आहेत. 'मजहब' म्हणजे चालून जाण्याची वाट. मराठी माणूस तर 'शेजारधर्म' हा शब्द इतक्या सहजतेने वापरतो की त्यात कोणत्या देवाचे नाव नाही, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. ते जमावाबद्दल बोलत नाहीत, माणसाने कसे जगावे याबद्दल बोलतात.

असे असूनही धर्माचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा दरबार आणि रणांगण यांकडेच पाहतो. मग त्याला एक तर धर्म हे सर्व भांडणांचे मूळ वाटते, नाही तर आपल्या राजाने लढलेली प्रत्येक लढाई धर्मकार्य वाटू लागते. आम्हांला हे दोन्ही निष्कर्ष अपुरे वाटतात. सामान्य माणसाच्या जगण्यात धर्माने काय केले, हे पाहायचे तर त्याचे घर, त्याचे कष्ट, त्याची भाषा आणि त्याचे पाणी यांकडे पाहावे लागते. दख्खनच्या इतिहासात याचे दाखले विपुल आहेत.

प्रारंभ मात्र अरबस्तानापासून करू. इस्लामच्या अगदी आरंभी ज्यांनी तो स्वीकारला, त्यांत मक्केतील गुलाम आणि निराधार माणसे होती. हजरत बिलाल हे हबशी गुलाम. पुढे नमाजासाठी लोकांना हाक देण्याचा पहिला मान त्यांना मिळाला. मक्केत छळ वाढला तेव्हा इ. स. ६१५ च्या सुमारास काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशांच्या देशात गेले आणि तेथील ख्रिस्ती राजा नज्जाशीने त्यांना आसरा दिला, असे इस्लामी परंपरा सांगते. जे समाजात कोणीच नव्हते त्यांना धर्माने माणूस म्हणून उभे केले. आणि दुसऱ्या धर्माच्या राजाने आपला धर्म ओळखून त्यांना दार उघडले. धर्माच्या कामाची ही दोन्ही रूपे आम्ही सारखीच मोलाची मानतो.

दख्खनमध्ये इस्लाम आला तो व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, सैन्याबरोबर आणि सूफींच्या पायवाटेने. यांपैकी सैन्याचा इतिहास तपशिलाने लिहिला गेला. सूफींचा इतिहास बराचसा लोकांच्या ओठांवर राहिला. सोळाव्या-सतराव्या शतकांत विजापूरच्या परिसरातील चिश्ती सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' नावाचा एक रचनाप्रकार दख्खनी भाषेत रूढ झाला. या सूफींवर अभ्यास करणारे इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी त्याकडे विशेष लक्ष वेधले आहे. चक्कीनामा म्हणजे बायकांनी दळताना म्हणायची गाणी. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अल्लाहच्या नावातील 'अलिफ', अशा उपमांतून तत्त्वज्ञान जात्यापाशी येऊन बसले. सूत कातणाऱ्यांसाठी 'चरखानामा' होता. ज्या बाईला मदरशात जागा नव्हती, पोथी हातात येणार नव्हती, तिला पहाटेच्या अंधारात हाताला घट्टे पाडणाऱ्या कामातच तिचा धर्म मिळाला. कष्ट कमी झाले नाहीत, हे खरे. पण त्या कष्टांना अर्थ मिळाला. आपल्याकडे याहून वेगळे काय होते? आमच्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ओव्याच गायल्या. खानदेश-मराठवाड्यापासून कोकणापर्यंत कोणत्याही घरात पहाटे जाते फिरू लागले की ओवी सुरू होई. चक्कीनामा आणि ओवी या एकाच कष्टाच्या दोन लेकी आहेत.

ही ओवी पुढे किती दूर गेली ते पाहण्यासारखे आहे. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ ओवीत सांगितला. त्याच नगर जिल्ह्यातील श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला, तोही ओवीत. शेख महंमद जन्माने मुसलमान, गुरू चांद बोधले, नाते सूफींच्या कादरी परंपरेशीही आणि वारकऱ्यांशीही. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरुस्थानी मानत, असे परंपरा सांगते. समर्थ रामदासांनी त्यांच्या गौरवार्थ रचना केली. आणि गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने येशूची कथा सांगण्यासाठी 'क्रिस्तपुराण' लिहिले, ते १६१६ मध्ये छापले गेले. त्याच्याही दहा हजारांहून अधिक ओव्याच आहेत. तीन धर्मांनी आपले सर्वांत मोलाचे सांगणे मराठी बाईच्या जात्यावरच्या छंदात सांगितले. हुसेन अंबरखान यांची गीतेवरील टीका, शहामुनींचा 'सिद्धांतबोध' हीही याच वाटेवरची नावे. रा. चिं. ढेरे यांनी १९६७ मध्ये 'मुसलमान मराठी संतकवी' हा ग्रंथ लिहून हा वारसा अभ्यासकांपुढे ठेवला. धर्माला माणसाच्या घरात यायचे असेल तर त्याच्या भाषेतूनच यावे लागते, हे या साऱ्यांनी ओळखले होते.

भाषेइतकीच गरज पाण्याची. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की बहुतेकांनी सहलीत पाहिली असेल. कारंजी पाहून लोक परततात. ती चक्की कशासाठी होती, हे विचारणारा विरळा. बुखाऱ्याकडून आलेले नक्षबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात १७४४ मध्ये तुर्कताज खान यांनी हे काम करवून घेतले. कित्येक किलोमीटर दूर असलेल्या डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालील मातीच्या नळांतून येथे आणले गेले, ते उंचावरून खाली पाडले गेले, त्याच्या जोरावर जाते फिरले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या फकिरांचे, शिष्यांचे, यात्रेकरूंचे दळण होऊ लागले. त्याआधी शतकभर मलिक अंबर यांनी याच गावात, तेव्हाच्या खडकीत, नहर काढून पाणी खेळवले होते. हेही हबशी, गुलाम म्हणून विकले गेलेले आणि पुढे निजामशाहीचे कर्ते पुरुष झालेले. नळ कोणाच्या दारातून जातो हे पाणी विचारत नाही. खानकाहमध्ये जेवायला बसलेल्याची जात विचारली जात नसे. जकात, वक्फ, अन्नछत्र, धर्मशाळा, पाणपोई या सर्वांमागे एकच जाण आहे : माझ्या भाकरीत दुसऱ्याचा वाटा आहे.

पण इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या गोव्यात 'क्रिस्तपुराण' लिहिले गेले, तेथेच १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले होते आणि मधला थोडा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. ज्या मोगल सत्तेत अकबराने १५६४ मध्ये जिझिया रद्द केला आणि १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीला चर्चेसाठी इबादतखाना उभारला, तेथेच १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा बसवला. आणि ज्या मातीत ओवी फुलली, तेथे माणसाच्या सावलीचा विटाळ मानणारेही धर्माचेच नाव घेत होते. सत्तेच्या हाती गेलेला धर्म माणसांची मोजणी करतो, पुरोहितशाहीच्या हाती गेलेला धर्म त्यांची उतरंड लावतो. यात एका धर्माला निर्दोष ठरवून दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात आम्हांला स्वारस्य नाही.

म्हणूनच महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांनी धर्माचा विचार कसा केला, हे महत्त्वाचे ठरते. फुल्यांनी पुरोहितशाहीवर आयुष्यभर प्रहार केले, पण अखेरचा ग्रंथ लिहिला तो 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. तो १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि एकवीस वर्षे विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बुद्धाचा धम्म स्वीकारला. या दोघांनी धर्म टाकून दिला नाही. धर्माला जाब विचारला. माणसाला प्रतिष्ठा देतोस का, हा तो जाब होता. मक्केतील बिलालांनी मनोमन हाच प्रश्न विचारला असेल.

आज हा विचार करण्याची निकड आहे. दर्गा की मंदिर, पीर की संत, असे वाद गावोगावी उभे राहत आहेत. शतकानुशतके दोन्ही समाज जेथे एकत्र डोके टेकवत आले, त्या जागांची कागदोपत्री वाटणी मागितली जात आहे. शेख महंमद कोणाचे, असाही प्रश्न विचारला जातो. दुसऱ्या बाजूने, ओवी, उरूस, संदल ही सारी भेसळ आहे, मराठी ही आपल्या दीनची भाषाच नव्हे, असे सांगणारेही आमच्यात आहेत. पहिले आम्हांला या मातीतून काढू पाहतात, दुसरे या मातीला आमच्यातून. दोघांनाही शेख महंमदांचे अडचणीचे वाटणे स्वाभाविक आहे.

आम्ही एवढेच म्हणू. धर्म एकटेपणात आधार देतो, मरणापुढे धीर देतो, हातातल्या कामाला अर्थ देतो आणि शेजाऱ्याचे देणे लागतो याची आठवण ठेवतो. हे काम तो करत असेल तर त्याचे नाव काय, याने फार फरक पडत नाही. ते करत नसेल, तर त्याच्या नावाने कितीही मोठा झेंडा उभारला तरी भुकेल्याची भाकरी दळली जाणार नाही. आपल्या मुलांना इतिहास शिकवताना लढायांच्या सनावळीबरोबर चक्कीनामा, 'योगसंग्राम' आणि पाणचक्कीही शिकवली पाहिजे. ते काम सरकारवर सोपवून चालणार नाही. ज्यांच्या घरात हा वारसा अजून आठवणीच्या रूपाने शिल्लक आहे, त्यांनीच तो लिहून ठेवायला हवा. कारण जात्यावर गाणाऱ्या शेवटच्या पिढीतल्या म्हाताऱ्या आता फार थोड्या उरल्या आहेत.