घेवडा, वाफ आणि शिट्टी

गेल्या प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी कल्याणमधील आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने मला रात्रीच्या जेवणाचे निमंत्रण दिले. मांसवर्ज्य दिवस, म्हणून वाघ्या घेवड्याची उसळ होती. सूनबाईंनी सकाळची लोकल गाठण्यापूर्वी भिजलेला घेवडा आखाताहून आलेल्या विजेच्या कुकरात घातला आणि बटण दाबले. आजी दिवसभर शिट्टीची वाट पाहत होत्या. संध्याकाळी झाकण उघडून त्यांनी एक दाणा बोटांत चेपला आणि सारा घेवडा जुन्या कुकरात घालून गॅसवर चढविला. “अर्धाकच्चा घेवडा पोटात गेला तर फादरांना रात्रभर जागावं लागेल,” एवढेच त्या म्हणाल्या. सूनबाई ओशाळल्या. दाबले गेलेले बटण मंद आचेचे होते.

मला मात्र आजींच्या वाक्याने विचारात टाकले. वाल, कुळीथ ही धान्ये आपल्या मातीत फार जुनी. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत त्यांचे जळके दाणे सापडले आहेत. घेवडा आणि त्याचा भाऊ राजमा मात्र अमेरिका खंडातले; युरोपीय जहाजांच्या मार्गाने ते जगभर पसरले. आज साताऱ्याच्या कोरेगाव भागातील घेवडा महाराष्ट्राचा म्हणून मिरवतो, तो भाग निराळा. या पाहुण्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. पुरते न शिजलेले थोडे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात. घेवडा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन तर अर्धा तास उकळावयास सांगते. मंद आचेचे भांडे कित्येकदा उकळबिंदूपर्यंत पोहोचतच नाही. दाणा मऊ होतो, पण विष उरते. नुसत्या कोमट शिजविण्याने ते वाढूही शकते. आजींना हे प्रथिन ठाऊक नव्हते, परिणाम ठाऊक होता.

(उत्पत्तीच्या पुस्तकात एसावाने वडीलहक्क विकला तो मसुरीच्या वरणासाठी. मसूर न भिजवता शिजते. याकोबाने घेवडा रांधला असता, तर एसावाला शुद्धीवर यावयास रात्रभर सवड मिळाली असती.)

दाबाखाली शिजविण्याची कल्पना डेनिस पापँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाची. १६७९ मध्ये त्याने लंडनमध्ये घट्ट झाकणाचे भांडे तयार केले. भांडे फुटू नये म्हणून वजनाने दबलेली सुरक्षाझडपही त्यानेच बसविली. आपल्या कुकरवरील शिट्टी तिचीच वंशज. १२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने या भांड्यातील जेवण दिले. हाडेही मऊ झाली होती आणि कोळसा अगदी थोडा लागला, अशी नोंद जॉन एव्हलिन यांनी रोजनिशीत केली आहे. गरिबाचे जळण वाचावे, ही या शोधामागची मोठी आशा होती. पापँ प्रॉटेस्टंट होता. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नान्तचा धर्मसहिष्णुतेचा आदेश रद्द केला आणि पापँला मायदेशी परतणे अशक्य झाले. तो राजा कॅथलिक होता, हे येथे लपविण्याचे कारण नाही. पापँ अखेरीस लंडनमध्ये दारिद्र्यात वारला.

आपल्याकडे १९१० मध्ये कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. त्यात वाफ होती, दाब नव्हता. डबे कोळशावर तासन्‌तास शिजत. १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनी उभी राहिली, पुढे ठाण्यातही तिचा कारखाना आला. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून रॉकेलसाठी रांगा लागत, त्या काळात पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांवर नेणाऱ्या या भांड्याने किती बायकांचा वेळ वाचविला असेल! पहाटे डबा भरून गाडी पकडणारीला त्याची किंमत विचारावी.

विजेच्या दाबकुकराचे पेटंट चीनमध्ये १९९१ मध्ये मागितले गेले. २०१० मध्ये कॅनडातील रॉबर्ट वांग यांचा इन्स्टंट पॉट बाजारात आला. या कुकरात दाब पुरेसा झाला की यंत्र स्वतःच वीज कमी करते, म्हणून शिट्टी होत नाही. दाब गॅसवरील कुकरपेक्षा बहुधा थोडा कमी असतो, त्यामुळे काही मिनिटे अधिक द्यावी लागतात. दाबाखाली शिजविल्यास घेवड्याचे विष नाहीसे होते. मात्र आमसूल वा टोमॅटो आधी घातल्यास दाणा कडक राहतो. आंबट नेहमी शेवटी घालावे. फार जुना दाणा तर कशानेच धड शिजत नाही.

त्या रात्री आम्ही साडेनऊला जेवलो. पुढच्या भेटीत मी पाहिले, तर विजेचा कुकर ओट्यावर होता आणि मंद आचेच्या बटणावर सूनबाईंनी चिकटपट्टी लावली होती.