माझं नाव आहे का त्यात?

माझे अब्बा मुंबईतल्या एका कापड गिरणीत साचाखात्यात होते. त्यांना उर्दू वाचता येई, मराठी बोलता येई. पण मराठी अक्षर लागत नसे. मी महापालिकेच्या मराठी शाळेत. त्यामुळे गिरणीच्या फाटकावर नवी नोटीस लागली की ते मला बरोबर नेत. चार माणसं भोवती जमत. "वाच रे पोरा, नीट वाच," म्हणत. मी वाचत असे. वाचून झाल्यावर अब्बा एकच विचारत, "माझं नाव आहे का त्यात?"

गिरणीत बदल सतत होत आले. प्रश्न असा, की ते कामगाराला सांगायचं कुणी?

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. तेव्हापासून पुढं कितीतरी वर्षं मालकाचा निरोप जॉबरच्या तोंडून येई. भरती तोच करी, उसने पैसे तोच देई, बऱ्याचदा राहायला जागाही तोच बघे. त्यामुळे तो जे सांगेल ते खरं, आणि तो जे गाळेल ते कुणालाच कळत नसे. खालचं म्हणणं वर पोचवायला तर वाटच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला, तेव्हा ती वाट पडली. रविवारची सुट्टी मिळायला मात्र १८९० साल उजाडलं. आज आपण रविवारची पुरवणी निवांत वाचतो, त्यामागं त्या सह्या आहेत.

पुढं कार्यक्षमतेच्या नावाखाली दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, असा हुकूम काही गिरण्यांत आला. तीन माग म्हणजे दर तिसऱ्या माणसाची नोकरी धोक्यात, हा हिशोब कामगारांनी तोंडी केला. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. मग फॉसेट समिती नेमली गेली. म्हणजे आधी बदल, मग संप आणि शेवटी चर्चा.

हा उलटा क्रम सुलटा करायचा प्रयत्न १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं केला. ठरावीक बाबतींत बदल करण्याआधी मालकानं नोटीस द्यायची, असं ठरलं. पण द्यायची कुणाला? कामगारांच्या प्रतिनिधीला. मुंबईच्या गिरणीधंद्यात मान्यताप्राप्त युनियन एकच होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. साच्यावरच्या माणसाला वाटू लागलं, बोलणं आपल्याबद्दल चाललंय, पण आपल्याशी नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार आणि बोनस हे मुद्दे होतेच; पण आमच्या वतीनं बोलणार कोण, हाही मुद्दा तितकाच मोठा होता. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कामगारांची ताटातूट मात्र झाली. कुणाला आत घेतलं, कुणाला नाही. फाटकावरची नोटीस तारीख सांगे. कोणतं खातं चालू होणार, माग किती, मागची नोकरी धरणार का, हे सांगत नसे. मग ते चहाच्या टपरीवर कळे. निम्मं खरं, निम्मं खोटं. त्या खोट्यावर विसंबून माणसांनी गावाकडं बिऱ्हाडं हलवली.

परवा माझा भाचा त्याच्या कंपनीचा ईमेल दाखवत होता. पुण्यात नोकरी करतो. दोन वर्षांत त्यांच्या विभागाची तिसऱ्यांदा फेरमांडणी झाली. पत्र गोड होतं, मोठ्या साहेबाच्या सहीचं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, "मामू, यात माझं काय होणार ते कुठं लिहिलंय?"

मला फाटक आठवलं. त्या दिवशी नोटीस लांबलचक होती. मी सगळी वाचली. अब्बांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही." ते काही बोलले नाहीत. माझा हात धरून चालू लागले.