मेणाची मर्यादा

मावळांत तळेगांव दाभाड्याच्या शेजारीं वराळे नांवाचें गांव आहे. अशा गांवच्या एखाद्या भजनी मंडळानें आपले अभंग मुद्रित करावयाचें मनावर घेतलें, म्हणजे वर्गणी गांवची आणि अपेक्षा मुंबईच्या चित्रपटगीताची, असा प्रकार बहुधा होतो. गाणें एका दिवसांत मुद्रित होतें. परंतु निरनिराळ्या आवाजांचा मेळ घालणाऱ्याची, म्हणजे ‘मिक्सिंग’ करणाऱ्याची, परीक्षा त्यानंतर सुरू होते. बुवांना आपला गळा पुढें हवा, पखवाज्याला पखवाज, टाळकऱ्यांना टाळ. ‘एवढें एकच बदला’ ही विनंती दहादां येते. मोबदला मात्र पहिल्या दिवशीं ठरला तेवढाच राहतो. या त्राग्याचें खापर गिऱ्हाइकाच्या स्वभावावर फोडण्याची रीत आहे. आम्हांस तें मूळ ध्वनिमुद्रणाच्या इतिहासांत दिसतें.

इ. स. १९०२ मध्यें गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां सारा मेळ अंतरानें साधला जाई. गवई कर्ण्याच्या तोंडाशीं, मोठ्या आवाजाचीं वाद्यें दूर. मेणावरील मुद्रा वाजवून पाहिली तर ती निकामी होई; तबकड्या जर्मनींतील हानोव्हर येथें छापल्या जाऊन जहाजानें परत येत. दुरुस्ती सांगणार कोणाला?

पुढें १९३२ सालीं ‘प्रभात’नें कोल्हापुरास ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्या काळीं नट अभिनय करतांनाच गात आणि वाजवणारे कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसत. तबला फार झाला तर तबलजीला मागें सरकवावयाचें, हाच उपाय, तोही मुद्रणापूर्वीं. म्हणजे जो वाद व्हावयाचा तो आधीं होई, आणि नंतर सर्वांस निकाल मान्य करावा लागे.

चुंबकीय फितीवर प्रत्येक आवाजाची वाट निराळी ठेवतां येऊं लागली, तेव्हां हा निकाल पुढें ढकलणें शक्य झालें. तरीही फितीला किंमत होती, आणि प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढे. १९८० च्या दशकांत स्वस्त कॅसेटींनीं भक्तिगीतें व लोकगीतें गांवोगांव पोंचविलीं. थोड्या पैशांत मुद्रण करवून घेणारा नवा वर्ग उदयास आला. नंतर संगणकानें वाटांची संख्या जवळजवळ अमर्याद केली. बदल करण्यास आतां मेण लागत नाहीं, फीत लागत नाहीं. लागतात ते करणाऱ्याचे कान आणि त्याची रात्र. हा खर्च डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून गिऱ्हाईक तो फुकट समजतें.

यांत केवळ कारागिराची मजुरी बुडते असें नाहीं. ध्वनीला वरची एक हद्द असते. सर्वांचेच आवाज चढवले तर कोणाचाच पुढें येत नाहीं, आणि हद्द ओलांडली कीं गाणें फाटतें. टाळानें अभंगाचे शब्द झांकले, तर ज्यासाठीं वर्गणी जमविली तेंच हरवलें.

तेव्हां जी मर्यादा पूर्वीं मेण घालीत असे, ती आतां माणसांनींच घातली पाहिजे. किती फेरफार, किती दिवसांत, आणि त्यापुढील प्रत्येकाचा दर काय, हें पहिला टाळ वाजण्यापूर्वीं कागदावर यावें. आणि मंडळाच्या वतीनें बोलणारा एकच असावा. गरीब मंडळाचाही यांत तोटा नाहीं. थोड्या पैशांत चांगलें काम होऊं शकतें. न संपणारें काम मात्र कितीही पैशांत चांगलें होत नाहीं.