मिठागराचं पाणी लाल का होतं?

उन्हाळ्यात मीठ धरायच्या वाफ्यात पाणी लालसर झालं की कुणीतरी रसायन सोडलं, अशी शंका येते. पण हा रंग ड्युनालिएला सलायना या डोळ्याला न दिसणाऱ्या शेवाळाचा असतो. सोबत खाऱ्या पाण्यातले लाल सूक्ष्मजीवही असतात. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के. हे शेवाळ त्याच्या सात पट खाऱ्या पाण्यातही जगतं. खारं पाणी लागलं की भात करपतो, कारण मुळांना पाणी ओढता येत नाही. हे शेवाळ मात्र पोटात ग्लिसरीन तयार करून पाणी धरून ठेवतं. एरवी ते हिरवंच. ऊन आणि खार वाढला की गाजरात असतं तेच बीटा-कॅरोटीन साठवतं आणि लाल होतं. मिठागरवाल्याचं यात नुकसान नाही. लाल पाणी ऊन जास्त ओढतं, लवकर आटतं. विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी लाल झालं तर मात्र कारण वेगळं, ते तपासूनच वापरावं.

फ्रान्सच्या मिठागरांत १८३८ साली ड्युनाल यांनी हे शेवाळ पाहिलं, नाव त्यांचंच. पश्चिम ऑस्ट्रेलियात हट लगून या किनाऱ्यालगतच्या गुलाबी सरोवरात तर तळी बांधून त्याची शेती होते. कॅरोटीन काढून खाद्यरंगासाठी आणि औषधी गोळ्यांसाठी विकतात.